सहाशे गोण्यांची चिठ्ठी

निम्मेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हतं. आडनाव चारचौघांसारखं होतं, पगाराच्या यादीत दर महिन्याला छापून यायचं, पण आता ते त्या यादीपुरतंच उरलं होतं. कंपनीची सात ठिकाणी बांधकामं चालू होती आणि त्यांतल्या चार कामांना लागणाऱ्या साहित्याचा पुरवठा या गृहस्थांच्या हातात होता. सिमेंट, सळई, खडी, वाळू, फळ्या, खिळे, तार, कुठे काय आणि किती जायचं ते हे ठरवायचे. त्यांची ठरवायची पद्धत सांगायला एक वाक्य पुरे आहे. समोरचा जेवढं मागेल त्याच्या निम्मं द्यायचं. त्यासाठी कामावर फिरावं लागत नाही, नकाशा उघडावा लागत नाही, डोक्याला ताप नाही. दोनने भागता आलं की झालं, आणि तेवढं गणित साहेबांना येत होतं.

गोदामाला लागून पत्र्याची एक खोली होती. तिथे एक टेबल, एक फिरती खुर्ची जी फिरत नसे, भिंतीला टेकलेलं कपाट आणि दारापाशी कारकुनाचं छोटं टेबल. सगळ्या खोलीवर सिमेंटची राखाडी धूळ. कारकून रोज सकाळी ती फडक्याने एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायचा. साहेब साडेआठला यायचे, रुमालाने खुर्ची झटकायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचे आणि मागणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढायचे. मग नाक मुरडायला सुरुवात व्हायची.

"दोनशे फळ्या? हा काय जहाज बांधतोय का?" सर्रकन लाल रेघ. शंभर.

"चाळीस किलो तार! गळ्यात घालून मिरवणार असेल." वीस.

असं अकरा वाजेपर्यंत चालायचं. मग चहा. साहेबांच्या मते जगात दोनच जाती होत्या, मागणारे आणि देणारे, आणि मागणारे सगळे चोर. इंजिनियर चोर, मुकादम उधळे, गवंडी आळशी, ट्रकवाले थापाडे आणि विटांचा भट्टीवाला तर या सगळ्यांचा बाप. या चोरांच्या मेळ्यात कंपनीचं घर राखणारा एकटा इमानी माणूस कोण, हे साहेब स्वतःच्या तोंडाने सांगत नसत. पण इतकं तोंड गच्च मिटून बसत की कुणीतरी विचारावंच.

ही विद्या त्यांना तरुणपणी मिळाली होती. तेव्हा ते फाटकावर उभे राहून येणारे ट्रक मोजायचे आणि गोदामातला माल काढून द्यायचे. एका इंजिनियरने रंगाचे चाळीस डबे मागितले, यांनी भोळेपणाने चाळीस दिले, आणि पावसाळ्यानंतर त्यातले वीस डबे जिन्याखाली तसेच सापडले, वर साय धरलेली. त्या वेळच्या वरिष्ठाने यांना सगळ्यांदेखत झापलं आणि वर सल्ला दिला, "अरे, मागणारा नेहमी दुप्पट मागतो. आपण निम्मं द्यायचं." बाकीचे लोक असे सल्ले ऐकतात, मान डोलावतात आणि पुढे स्वतःचं डोकं वापरतात. यांना वाटलं, डोकं वापरायची कटकट कायमची मिटली. त्या दिवसापासून एकतीस वर्षं गृहस्थ दोनने भागत आले.

आता तुम्ही म्हणाल, असं असेल तर कामं कशी चालली? अगदी मजेत चालली. कारण निम्मेसाहेब मागणी निम्मी करतात हे कळल्यावर सगळ्यांनी दुप्पट मागायला सुरुवात केली. कामावर नवा इंजिनियर आला की जुना त्याला पहिल्या दिवशी डोक्यावरची टोपी कुठे ठेवायची, पाणी कुठे प्यायचं आणि चिठ्ठीवर आकडा दुप्पट लिहायचा, हे एका दमात सांगायचा. शंभर हवेत तर दोनशे लिही. साहेब शंभर देतील. सगळी कंपनी या एका माणसासाठी रोज खोटं लिहीत होती, आणि या माणसाला वाटत होतं की आपण रोज सगळ्या कंपनीचं खोटं पकडतो.

"एकतीस वर्षांत माझ्यामुळे एकही काम एक तास थांबलेलं नाही," असं साहेब छाती फुगवून सांगायचे. खरंच होतं ते. थांबलं नव्हतं. त्यात साहेबांचा हात किती होता ते विचारायची सोय नव्हती.

फोनचीही अशीच एक रीत होती. कामावरून कुणी फोन करून "माल संपत आला" असं ओरडलं की साहेब "पाठवतो" म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचे. पाठवायचे काही नाहीत. दुसरा फोन आला की "वाटेत आहे" म्हणायचे. तेव्हाही ट्रक जागचा हललेला नसे. तिसऱ्या फोनला समोरचा शिव्यांवर आला की साहेब कारकुनाकडे बघून डोळा मिचकावायचे, "आता खरंच संपलं बरं का," आणि मग ट्रक सुटायचा. लोक याही रीतीला सरावले. माल निम्मा शिल्लक असतानाच पहिला फोन करायचे, पाव उरला की दुसरा आणि मग तिसऱ्याला घसा खरवडून ओरडायचे. तिसऱ्या फोनचं ओरडणं ज्याला चांगलं जमे तो कामावर हुशार समजला जायचा.

घरीही हेच. बायकोने दोन साड्या मागितल्या की एक यायची, म्हणून तिला एक हवी असली की ती दोन मागायची. माहेरी आठ दिवस जायचं असलं की पंधरा म्हणायची. गेल्या वर्षी तिचा गुडघा धरला तेव्हा ती म्हणाली, "अहो, फार दुखतंय." साहेबांनी सवयीने मनात निम्मं केलं आणि "थोडं चालायला जात जा" असा सल्ला दिला. मग ती एकदा जिन्यात मटकन बसली आणि वाडीतल्या चार घरांना ऐकू जाईल अशी किंचाळली. त्या संध्याकाळी डॉक्टर घरी आला. मुलगी मात्र बापावर गेली नव्हती आणि आईवरही नव्हती. तिने लहानपणीच काही मागायचं सोडून दिलं आणि शिकून, लग्न करून लांब निघून गेली. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "माझी मुलगी फार समाधानी आहे हो, तिने आजवर कशाचा हट्ट केला नाही."

तर अशा या माणसाचं नशीब फळफळायची वेळ आली होती. मुख्यालयात साती कामांच्या पुरवठ्याचा जो प्रमुख होता तो दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. त्या खुर्चीवर निम्मेसाहेबांचाच हक्क आहे असं सगळे म्हणत होते. निदान साहेब तरी म्हणत होते. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली, मेव्हण्याला सांगितली, खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला दाढ दाखवता दाखवता सांगितली. नवा कोट शिवायला टाकला. आता त्यांच्यात आणि त्या खुर्चीत फक्त साठ दिवस होते. ते सुरळीत जाणं एवढंच बाकी होतं, आणि कंपनीच्या मोठ्या साहेबांनी तसं तोंडावर सांगितलंही होतं, "टाकीचं काम नीट पार पाडा, मग बघू."

टाकीचं काम म्हणजे पाण्याची टाकी. गावाबाहेरच्या नव्या वस्तीला प्यायचं पाणी साठवायला जमिनीत मोठी टाकी बांधायची होती. तिच्या तळाचा स्लॅब एका दमात ओतावा लागतो. मध्ये थांबलं की आधीचं काँक्रीट घट्ट होतं, नंतरचं त्याला नीट चिकटत नाही, आणि त्या सांध्यातून पाणी आयुष्यभर वाट काढत राहतं. हे बांधकामावर चहा आणणाऱ्या बाईलासुद्धा माहीत असतं. या कामावर एक नवी इंजिनियर आली होती. वय सव्वीस-सत्तावीस, पायात पुरुषी बूट, बोलणं मोजकं. साहेबांनी तिला एकदाच पाहिलं होतं आणि कारकुनाला म्हणाले होते, "आता मुलीबाळींकडून टाक्या बांधून घ्यायची पाळी आली."

तिलाही पहिल्या दिवशी जुन्या इंजिनियरने दुप्पट लिहायला सांगितलं. तिला वाटलं थट्टा करतोय. मग खरं आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "पण मग खरं किती लागतं ते चिठ्ठीवरून कळणार कसं?" जुना इंजिनियर हसला. म्हणाला, "कळून कुणाला काय करायचंय?" ती हसली नाही.

स्लॅबच्या चार दिवस आधी तिची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर आली. सिमेंट सहाशे गोण्या. सोबत एक कागद जोडलेला, त्यावर लांबी-रुंदी-जाडीचा सगळा हिशोब. आणि चिठ्ठीच्या तळाशी सुवाच्य अक्षरात दोन ओळी: "आकडा वाढवून लिहिलेला नाही. स्लॅब एका दमात ओतायचा असल्याने सर्व गोण्या आदल्या दिवशी कामावर पोचाव्यात, ही विनंती."

साहेबांनी ते वाचलं आणि इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"हे ऐक! 'आकडा वाढवून लिहिलेला नाही!' एकतीस वर्षांत असा इरसाल नमुना पाहिला नव्हता. चोर स्वतःच दारावर पाटी लावतोय, आत चोर नाही म्हणून!"

कारकुनाची निवृत्ती जवळ आलेली, त्यामुळे त्याला अधूनमधून धीर फुटायचा. तो घसा साफ करून म्हणाला, "साहेब, त्या बाई खरंच लिहितात म्हणे. मागच्या वेळी खिळे मागितले होते, आपण निम्मे दिले, तर बाकीचे त्यांनी पदरचे आणले."

"म्हणजे पैसेवाली आहे. आणि वर अक्कल पाजळतेय." साहेबांनी हिशोबाचा कागद उलटासुद्धा केला नाही. तो चहाच्या ग्लासाखाली गेला. "खरं तर दोनशेच द्यायला हव्यात, आगाऊपणाबद्दल. पण जाऊ दे, आपण न्यायाने वागतो."

आणि साहेबांनी न्यायाने लाल रेघ मारली. तीनशे.

आदल्या दिवशी कामावर तीनशे गोण्या उतरल्या. तिने फोन करून विचारलं, "सर, बाकीच्या तीनशे?" साहेब म्हणाले, "लागल्या तर देऊ की. काम सुरू तर करा. आमच्याकडे अकराशे गोण्या आहेत, पळून जातायत का?" तिने विचारलं, "नक्की?" साहेब म्हणाले, "नक्की." बिचारीने त्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो तोच धरला.

सकाळी सहाला मिक्सर सुरू झाले. तीन आठवडे चौदा माणसांनी उन्हात वाकून बांधलेली सळईची जाळी, तिच्यावर काँक्रीटचा ओला राखाडी गारा पसरत चालला. सगळं छान चाललं होतं. पावणेदहाला तिने गोदामात फोन केला.

"सर, ऐंशी गोण्या शिल्लक आहेत. सव्वा तास पुरतील. ट्रकला यायला तास लागतो. आता निघाला तर काम थांबणार नाही."

किती मिनिटं, किती गोण्या, किती रस्ता, सगळं मोजून ठेवलेलं. दुसऱ्या कुणाला ते ऐकून बरं वाटलं असतं. साहेबांनी "हो हो, पाठवतो" म्हटलं, फोन ठेवला आणि एक बोट वर करून कारकुनाला दाखवलं. पहिला.

त्या सकाळी साहेब फार महत्त्वाच्या कामात होते. मुख्यालयात आपल्या नव्या खोलीत काय काय सामान लागेल त्याची यादी ते करत होते. टेबल एक हवं होतं म्हणून दोन लिहिली. कपाट एक हवं होतं, दोन लिहिली. पंखा एक, लिहिले दोन. ही यादी वाचून कुणाला हसू आलं असतं तर ते साहेबांना कळलं नसतं. आपण स्वतः मागणाऱ्यांत जाऊन बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. खुर्चीपाशी मात्र ते अडले. खुर्ची एकच हवी, पण चांगली. दोन लिहिल्या तर दोन साध्या येतील की काय, या विचारात त्यांची पंधरा मिनिटं गेली.

बाहेर ट्रक उभा होता. ड्रायव्हर सीटवर आडवा होऊन पाय खिडकीतून बाहेर काढून झोपला होता. त्यालाही साहेबांची रीत माहीत होती, त्यामुळे तो निर्धास्त होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मिक्सर थांबले. सव्वाअकराला फोन वाजला.

"सर, ट्रक कुठवर आलाय?"

आवाज चढलेला नव्हता. फक्त घाईत होता. साहेब म्हणाले, "वाटेत आहे." कारकुनाला दोन बोटं दाखवली. दुसरा. "बघ, शिकतेय हळूहळू. आता तिसऱ्याला बघ कशी रडते."

कारकून म्हणाला, "साहेब, सोडू का ट्रक?"

"तू गप रे. दुसऱ्या फोनला ट्रक सोडला तर उद्या सगळे डोक्यावर बसतील."

आणि मग तिसऱ्या फोनची वाट बघणं सुरू झालं. साडेअकरा झाले. पावणेबारा. साहेबांनी यादी पुरी केली, सही केली. बारा वाजले. फोन वाजेना. साहेबांना जरा चुकल्यासारखं वाटू लागलं. त्यांनी फोन उचलून तो चालू आहे का ते पाहिलं, पुन्हा ठेवला. मग खुशीत येऊन म्हणाले, "बघितलंस? तिसरा फोन नाही. म्हणजे माल होता. सहाशे म्हणे! तीनशेत भागलं." एवढ्या वर्षांत इतका सरळ पुरावा त्यांना कधी मिळाला नव्हता. त्यांनी डबा उघडला आणि चवीने जेवले.

सव्वा वाजता दार उघडून ती आत आली. बूट गुडघ्यापर्यंत सिमेंटने माखलेले, ते आता वाळून पांढरे पडले होते. ती ट्रकजवळूनच चालत आली होती, झोपलेल्या ड्रायव्हरच्या पायांसमोरून.

"सर, ट्रक बाहेर उभा आहे."

"आत्ता सोडणारच होतो."

"रिकामा आहे."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांना खरंच राग आला होता. आपली रीत कुणी मोडली की माणसाला येतो तसला राग.

"मॅडम, तुम्ही तिसरा फोन कुठे केलात?"

तिला प्रश्न कळला नाही. तिने कारकुनाकडे पाहिलं. कारकून रजिस्टरात तोंड घालून बसला होता. हळूहळू तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो काही सुखाचा प्रकाश नव्हता.

"मी पहिल्या फोनलाच खरं सांगितलं होतं," ती म्हणाली. "चिठ्ठीवरसुद्धा खरं लिहिलं होतं."

"हो, पण ते आम्हाला कसं कळणार?" साहेब म्हणाले. हे त्यांनी मनापासून विचारलं होतं. एखाद्या माणसाने खरं लिहिलेलं असू शकतं आणि ते वाचून कळू शकतं, ही शक्यता त्यांच्या डोक्यात शिरायला दारच नव्हतं.

 ती कामावर परत गेली. काँक्रीट केव्हाच घट्ट झालं होतं.

तळाचा अर्धा भाग भरलेला, अर्धा उघडा, मध्ये वेडावाकडा काठ. मोठे साहेब दुसऱ्या दिवशी येऊन त्या काठावर उभे राहिले, बुटाने दोनदा ठोकून पाहिलं आणि एक शब्द बोलले: "फोडा." पुढचे आठ दिवस तिथे घणाचे आणि ड्रिलचे आवाज येत होते. ज्या चौदा जणांनी जाळी बांधली होती त्यांच्याच हातात घण दिले. त्यांचा मुकादम निम्मेसाहेबांबद्दल जे बोलला ते छापता येण्यासारखं नाही, पण त्यातलं निम्मंही पुरेसं होतं.

 रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या साहेबांनी सगळं जुळवून आणलं आणि बायकोला समजावलं.

"अगं, चूक कुणाची आहे? सरळ आहे. सगळी कंपनी दुप्पट लिहिते. हिने लिहिलं नाही. नियम हिने मोडला."

बायको गुडघ्याला मलम चोळत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही मोठ्या साहेबांना हे असंच सांगणार आहात?"

"मग? खरं तेच सांगणार."

 बायकोने मलमाची डबी बंद केली आणि दिवा मालवला.

चौकशीला चौघे होते. कामावरच्या लांबट खोलीत टेबलाच्या एका टोकाला मोठे साहेब, बाजूला ती, समोर निम्मेसाहेब नव्या कोटात, आणि कोपऱ्यात नोंद घ्यायला कारकून. बाहेर घण चालू होते, त्यामुळे सगळ्यांना जरा मोठ्याने बोलावं लागत होतं.

निम्मेसाहेबांनी सगळं सांगितलं. लपवलं काही नाही, त्यांना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. चिठ्ठ्या दुप्पट येतात, म्हणून आपण निम्मं देतो. पहिला फोन, दुसरा फोन, तिसरा फोन. मग तिच्याकडे हात करून म्हणाले, "साहेब, यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. वय लहान आहे. पण यांनी बाराशे लिहिले असते तर मी सहाशे दिले असते आणि आज हा आवाज आला नसता. यांनी सगळ्यांसारखं वागायला हवं होतं."

मोठ्या साहेबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता. निम्मेसाहेबांना वाटलं, पटलं.

"या स्लॅबला सिमेंट किती लागतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"यांनी सहाशे मागितल्या."

"मागणी राहू द्या. किती लागतं?"

"साहेब, तशी आमची पद्धत म्हणजे मागतील त्याच्या..."

"ती ऐकली मी. उद्या मुख्यालयात बसलात आणि साती कामांवर कुणीच चिठ्ठी लिहिली नाही, तर तुम्हाला आधी किती गोण्या आणून ठेवायच्या ते ठरवावं लागेल. त्यासाठी नकाशा बघतात. हा नकाशा." त्यांनी एक मोठा कागद टेबलावर सरकवला, वर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. "घाई नाही. आम्ही चहा घेतो."

चहा आला. निम्मेसाहेबांनी नकाशा उलगडला. तो उलटा होता हे त्यांना बाजूच्या अक्षरांवरून कळलं, मग त्यांनी तो फिरवला. रेघा, बाण, आकडे. यांतले कुठले आकडे घ्यायचे आणि कुठले सोडायचे? एकतीस वर्षं त्यांनी डोंगराएवढं सिमेंट इकडून तिकडे पाठवलं होतं. त्यांच्या हातून गेलेल्या गोण्यांनी केवढ्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. आणि आज समोर एक आयत काढलेला होता, त्यात किती सिमेंट मावतं ते त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी पेन्सिल उचलली, कोऱ्या कागदावर तारीख लिहिली. तारखेखाली रेघ मारली.   मोठे साहेब बशीत चहा ओतत होते आणि मुद्दाम वर बघत नव्हते.

तिला हे बघवलं नसावं. या माणसाने तिचं काम मातीत घातलं होतं, तिच्यावर खापर फोडलं होतं, आणि तिने मजा बघत बसायला कुणाची हरकत नव्हती. पण ती थोडी पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "लांबी पंधरा मीटर, सर. डावीकडे आहे बघा."

साहेबांनी पंधरा लिहिले.

"रुंदी बारा. गुणिले. एकशे ऐंशी."

साहेबांनी लिहिलं.

"जाडी चाळीस सेंटीमीटर. म्हणजे शून्य दशांश चार. त्याने गुणलं की बहात्तर. हे बहात्तर घनमीटर काँक्रीट. आता गुणिले आठ. पाचशे शहात्तर. आणि सांडलवंडीच्या चोवीस."

साहेबांनी बेरीज केली. बाहेरचे घण मध्येच थांबले, पाणी प्यायची वेळ झाली असावी. कागदावर सहाशे आले होते. चुकल्याची शंका येऊन त्यांनी पुन्हा केली, पुन्हा सहाशेच आले. त्यांनी त्या ओळींवरून बोट फिरवत वर नेलं. पंधरा कळले, बारा कळले, जाडी कळली. एका ठिकाणी बोट अडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मुख्यालय, खुर्ची, नवा कोट सगळं विसरून, शाळेतल्या पोरासारखं त्यांनी खरोखर जाणून घ्यायला विचारलं, "हे आठ कुठून आले?"

कारकुनाची लेखणी थांबली. मोठ्या साहेबांनी बशी खाली ठेवली.

"एका घनमीटरला सिमेंटच्या आठ गोण्या लागतात, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. साहेबांनी तो शोधला, दोनदा शोधला. मग मान खाली घातली आणि पेन्सिलीने कागदावर लिहून घेतलं, एका घनमीटरला आठ.